खांदेपालट

मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग 1973 पासून 2015 पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011च्या निकालपत्रात नोंद आहे की तोवरच्या इतक्या वर्षांत त्यांच्या पाठीला एकही जखम झाली नव्हती. तिथल्या परिचारिकांच्या मायेबद्दल आपण भरभरून बोललो, ते योग्यच होतं. मला मात्र मायेइतकीच मोलाची वाटते ती त्यांची ड्यूटी. पाळी संपली की परिचारिका पुढचीला ‘ओव्हर’ देते. पोटात काय गेलं, लघवी किती झाली, कूस कधी बदलली. मग ती घरी जाऊन झोपते. एकट्या बाईला, ती सख्खी बहीण असती तरी, हे एवढी वर्षं निभावलं नसतं.

घरात ओव्हर घ्यायलाच कुणी नसतं.

बाबांची डावी बाजू गेली त्यानंतर सहा वर्षं आईचं तसंच झालं. दर दोन तासांनी कूस, गोळ्या कुटून मधात, पेज उजव्या गालाकडून. सातारला माहेरी एकदाही ती मुक्कामाला गेली नाही. भेटायला येणारे म्हणत, ‘तुम्ही आहात म्हणून त्यांचं चाललंय.’ हे कौतुक म्हणजे दाराला बाहेरून घातलेली कडी. माणूस गेला की आपण ‘सुटले बिचारे’ म्हणतो, आणि त्या अनेकवचनात आणखी कोण सुटलं ते उघड बोलत नाही. ‘मी थकले’ असं तो जिवंत असताना म्हणणाऱ्या बाईला तर स्वतःचेच हे शब्द अपराधासारखे वाटतात.

खरं तर खांदेपालट आपल्या हाडीमाशी आहे. अंत्ययात्रेत वाटेवर विसावा असतो, तिरडी टेकवतात, खांदेकरी बदलतात. मेलेल्या माणसाला चार खांदे आणि वर बदली. जिवंत माणसाला एकच, बहुधा बायकोचा किंवा सुनेचा. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांनी आठवून पाहावं, तिथेही ओझं एका सुनेकडून दुसरीकडे जायचं, ओसरीवर क्वचितच.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती 1890 मध्ये. गिरणी एक दिवस बंद ठेवता येते, अंथरुणातला माणूस बंद ठेवता येत नाही. इथे नुसती सुट्टी कामाची नाही, बदली माणूस लागतो. गिरणीतही ‘बदली कामगार’ असतच. जर्मनीत 1995 पासून शुश्रूषेचा विमा आहे. घरचा माणूस सुट्टीवर गेला की बदलीच्या माणसाचा खर्च वर्षातून काही आठवडे त्यातून मिळतो. आपला 2007चा कायदा आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकतो, ती पेलताना मुलगा-सून मोडली तर काय, यावर गप्प बसतो. राष्ट्रीय न्यासाच्या योजनेत अल्पकालीन निवासाची सोय आहे, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व अशांसाठी. पक्षाघाताने पडलेले म्हातारे तिच्यात बसत नाहीत. उरते ब्युरोची मावशी, बारा तासांची. परवडली तर. (तिची आई गावाकडे कुणाच्या हाती असते, हे आम्ही कधी विचारलं नाही.)

पण पैसे असूनही आईचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडेना. अडचण निराळीच होती. बाबा कुठल्या गालाने गिळतात, कुठल्या हुंकाराचा अर्थ काय, हे सगळं तिच्या एकटीच्या डोक्यात होतं. शेवटी चुलतभावाने हट्ट धरला, एक वही आणली आणि आठवडाभर तिच्या मागे फिरून लिहून घेतलं. ‘रात्री तीनला उठतात. दिवा लावू नये, हात धरावा.’ असली सोळा पानं भरली.

भाऊबीजेला ती चार दिवस सातारला गेली. पहिल्या दिवशी अकरा फोन, दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी तिचा फोन नाही म्हणून आम्हीच केला, तर मामा म्हणाले, झोपलीये, सकाळपासून.

परतल्यावर चुलतभावाने तिला रीतसर ओव्हर दिली. वहीत शेवटी त्याच्या अक्षरात एक ओळ होती: ‘दुपारी रेडिओ लावला की पाणी जास्त पितात.’ आईने ती दोनदा वाचली. सहा वर्षांत तिला हे कळलं नव्हतं.