सी हॉकचा रंग आणि सालवडचा पाऊस

सालवड, ता. पालघर
श्रावण

चि. बाळास,

तुझ्या सी हॉक विमानाच्या मॉडेलचा फोटो चष्मा पुसून दोनदा पाहिला. सांधे झकास बसवलेस. पंखांवरचा करडा रंग मात्र खरखरीत झालाय आणि त्याचं खापर तू एअरब्रशवर फोडतोयस. तुला हसणार नाही, मीही पूर्वी तेच केलंय.

एक हिशेब कर. मॉडेल १/७२ प्रमाणातलं. त्यावर रंग एक दशांश मिलिमीटर जाड बसला, तर खऱ्या विमानावर तो सात मिलिमीटरहून जाड झाला! १९७१च्या युद्धात, डिसेंबरात, विक्रांत या विमानवाहू नौकेवरून कॉक्स बझारवर गेलेली सी हॉक असा गिलावा लेऊन उडाली नव्हती. तेव्हा रंग जितका कमी, तितकं काम सुबक.

सुटे भाग आधी भांड्यांच्या साबणाने धू, साच्याचा तेलकटपणा जायला हवा. मग करडा प्रायमर मार. तो प्रत्येक ओरखड्याची चुगली करतो. तिथे दोन हजार नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून हलक्या हाताने फिरव. आत्ताची खरखरही त्यानेच जाईल.

रंग गाईच्या निरशा दुधाइतका पातळ हवा. वाटीच्या कडेला थोडा चढवून बघ. खाली उतरताना मागे पातळ पापुद्रा राहिला की जमलं. ०.३ मिलिमीटरच्या नोझलला पंधरा ते वीस पीएसआय दाब पुरतो. आधी हवा सोड, मग रंग. थांबवताना आधी रंग, मग हवा. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू कर आणि पलीकडे बाहेरच संपव. अंतर चार बोटं. तू बहुधा वीतभर लांबून मारलास. थेंब वाटेतच सुकले आणि धुळीसारखे बसले. फार जवळ गेलास तर ओघळ येतील. पहिल्या हातात प्लास्टिक झाकायचा हट्ट नको. काचेवर धुकं धरतं तितकंच दिसू दे.

आता पावसाचं. एमआयडीसीतल्या पेंट शॉपमध्ये आम्ही रोज सकाळी कॉम्प्रेसरच्या टाकीचा खालचा कॉक उघडायचो; भस्सकन तपकिरी पाणी यायचं. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होते. हे ठाऊक असूनही एका जुलैत मी घाईने घरी लॅकर मारलं. तासाभरात पंखांवर पांढुरकी साय. थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी ओल्या रंगात उतरतं. दोष ना ब्रशचा, ना रंगाचा, माझ्या उतावळेपणाचा.

म्हणून श्रावणात घासकाम उरक, रंगाला हात लावू नकोस. नळीला पाणी अडवणारा फिल्टर बसव. रंगवताना खिडकी उघडी ठेव आणि कार्बन फिल्टरचा मास्क लाव; कापडी मास्क थिनरची वाफ अडवत नाही.

गोव्याला जाशील तेव्हा दाबोळीजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात जा. तिथे खरं सी हॉक उभं आहे. त्याच्या पंखाकडे तिरप्या नजरेने बघ.

दसऱ्याला मॉडेल घेऊन इकडे ये. टाकीतलं पाणी मी काढून ठेवतो.

तुझा,
आजोबा