मधला कान

जुने संगणक हौसेने जपणारी मंडळी जगभर आहेत. त्यांच्या टेबलावर एक दुखणं वारंवार येतं. 2000 साली एएमडी कंपनीने ॲथलॉन प्रोसेसरसाठी ‘सॉकेट ए’ नावाची बैठक आणली. प्रोसेसर या प्लास्टिकच्या चौकोनात बसतो, त्याच्या डोक्यावर पंख्यासकट हीटसिंक, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा. तो जागेवर घट्ट राहावा म्हणून स्टीलची एक ताठ क्लिप असते, आणि ती अडकते सॉकेटच्या दोन बाजूंच्या कानांत. कपाला असतो तसाच कान, फक्त नखाहून लहान. क्लिप दाबताना स्क्रूड्रायव्हर जरा सटकला की कान तुटतो. कधी कुणी हात न लावताही तुटतो. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन प्लास्टिक ठिसूळ होतं आणि वरचा ताण मात्र एक दिवसही सुटत नाही. कॅबिनेटमध्ये बोर्ड उभा, म्हणजे हीटसिंकचं वजनही आडवं लोंबणार. सुरुवातीच्या ॲथलॉनला तापल्यावर आपणहून थांबणं ठाऊक नव्हतं. हीटसिंक निसटला, की काही सेकंदांत चिप जळून जायची.

तुटलेला तुकडा सापडला तर आधी गोंदाची नळीच हातात येते. पण नुसता गोंद इथे फारसा टिकत नाही, कारण चिकटायला जागा थोडी आणि ओढ मोठी. जाणकार बारीक भोक पाडून त्यात पोलादी तारेचा तुकडा घालतात, मग दोन नळ्यांतला एपॉक्सी भरतात आणि रात्रभर त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मला मात्र दुसरा उपाय जास्त आवडतो. सॉकेट एला एका बाजूला एक नाही, तीन कान असतात. साधी, स्वस्तातली क्लिप फक्त मधल्याला धरते, म्हणून तोच मोडतो. शेजारचे दोघे धडधाकट, कुणी काम न सांगितलेले! तिन्ही कान धरणारी रुंद क्लिप लावली, की मधला गेला तरी उरलेले दोन हीटसिंक नीट पेलतात. ना गोंद, ना भोक.

घरातही असा एक मधला कान असतोच. गॅसचा नंबर कधी लावायचा, आजोबांची गोळी जेवणाआधी की नंतर, पाण्याची मोटर कितीला बंद करायची, हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात. तो माणूस तक्रार करत नाही. म्हणून आपल्याला वाटतं, चाललंय की! बाकीचे आळशी असतात असंही नाही. त्यांच्यापर्यंत क्लिप पोचलेलीच नसते, इतकंच. ऑफिसातही पाहा: प्रिंटर अडला की सगळे एकाच टेबलाकडे वळतात. त्या टेबलावरचा माणूस रजेवर गेला, की आपण हळहळतो आणि तो परत आला, की पुन्हा त्याच्याच गळ्यात सगळं घालतो.

आज डबा भरून होईपर्यंत आजोबांच्या गोळ्यांची डबी एकदा हातात घेऊन बघायला काय हरकत आहे? सकाळची कुठली, रात्रीची कुठली, एवढं विचारून घ्यायचं. सांगणारी बहुधा म्हणेल, “राहू दे, मी बघते.” तरी विचारायचं.