उत्तरवयातील श्रवणाधिकार

झाशीच्या छावणीत सदर बाजाराच्या मागील अंगास, जेथे ऊन कलल्यावर कडुलिंबाच्या सावलीत निवृत्त मंडळींच्या खुर्च्या मांडल्या जातात, तेथे गेल्या माघ महिन्यात, मी कानांवरचे हेडफोन उतरवीत असता, माझ्याहून वडील असलेल्या एका शेजाऱ्यांनी ममतेने म्हटले, “भाईसाहब, अब तो भजन सुनने की उमर है.” त्यांच्या स्वरात उपहास नव्हता, असलीच तर माझ्या परलोकाची चिंता होती, आणि म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. मी त्या वेळी ऐकत होतो ते 1991 साली निघालेले ‘निर्वाणा’ या अमेरिकन मंडळींचे ‘नेव्हरमाइंड’. लष्करी हिशेबखात्यातून पेन्शनीवर येऊन मला 9 वर्षे झाली असून वयाची 69 वर्षे भरली आहेत, आणि हे संगीत मी प्रथम ऐकले ते 66व्या वर्षी, नातवाच्या खोलीच्या बंद दारातून. तारुण्यातील एखाद्या आठवणीचा धागा मला त्याकडे नेत नाही, कारण तशी आठवणच नाही.

शेजाऱ्यांचे म्हणणे निराधार नाही. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात, अंगावर सुरकुत्या, मस्तकी पांढरे केस आणि अपत्याचे अपत्य दिसू लागले म्हणजे गृहस्थाने अरण्याचा आश्रय करावा, असे सांगितले आहे. तेथे त्यागावयाचे ते गावचे अन्न आणि सारा परिग्रह. श्रवणाविषयी त्या ठिकाणी आज्ञा नाही. भरतमुनींनी मात्र आमच्या विषयास थेट हात घातला आहे: नाट्यशास्त्रात प्रेक्षकांच्या रुचींची वर्गवारी करताना तरुण शृंगाराने संतोष पावतात आणि वृद्ध धर्मकथांनी व पुराणांनी, असा दाखला त्यांनी दिला आहे. एवढ्या थोर आचार्याची साक्ष विरुद्ध पडली असता नुसते ‘मला आवडते’ म्हणून सुटका होत नाही.

परंतु त्याच ग्रंथावर सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मिरात भाष्य लिहिणाऱ्या अभिनवगुप्तांनी रसाचे जे स्वरूप उलगडले, त्यात सहृदयाचे स्वतःचे देश, काल आणि व्यक्तिगत लाभहानी ही सर्व बंधने आस्वादाच्या क्षणी गळून पडतात. देशकाल गळून पडत असतील, तर वय तेवढे कोणत्या खुंटीला अडकून राहणार? आमच्या घरोघरी वृद्ध माणसे पहाटे ज्ञानेश्वरी उघडतात. ती 1290 साली सिद्ध झाली तेव्हा, रूढ कालगणनेप्रमाणे, तिच्या कर्त्याचे वय 15 होते, आणि 21व्या वर्षी त्याने समाधी घेतली. चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवाने मुक्ताबाईस, एका बालिकेस, गुरू केले, ही कथा आम्ही नातवंडांना श्रद्धेने सांगतो. एका तरुणाने सांगितलेले तत्त्वज्ञान जर वृद्धाचा आधार होऊ शकते, तर ‘निर्वाणा’च्या 24 वर्षांच्या गायकाचा, कर्ट कोबेनचा, आक्रोश ऐकताना वृद्धाने संकोच का करावा? या दोघांची योग्यता मी एका तागडीत घालीत नाही. तसे करणे अधर्म होईल. मी वयाचा मुद्दा तेवढा तपासतो आहे. कोबेन 1994 साली, 27व्या वर्षी, आपल्याच हाताने गेला. त्याच्या स्वरातील दुःख मी ऐकतो तेव्हा मला कोणाचे अनुकरण करावयाचे नसते, कोणासारखे दिसावयाचे नसते. हे दुःख आहे, एवढेच सत्य समोर उभे असते, आणि बुद्धाने आपल्या उपदेशाचा आरंभ याच सत्यापासून केला होता.

हा गोंगाट आहे, अशी दुसरी हरकत येते. ध्वनिवर्धकाला त्याच्या ताकदीबाहेरचा स्वर पेलावयास लावला, म्हणजे ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वरात नसलेले उपस्वर जन्मास येतात. गिटारीचा तो करकरीत, विदीर्ण नाद याच क्रियेचे फळ होय. आता तंबोऱ्याची जवारी आठवावी. घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवून जाणता माणूस त्या तारेला मुद्दाम झणझणावयास लावतो, आणि त्या झणझणाटातूनच उपस्वरांचे जे मंडल उठते त्यास आम्ही नादब्रह्म म्हणतो. शुद्ध, गुळगुळीत तार आमच्या पूर्वजांनाही अपुरी वाटली होती.

तथापि खरा आक्षेप निराळाच आहे. हे प्रेम उशिरा आलेले असल्यामुळे ते खरे नव्हे, असे लोक मनात धरतात. या शहरात राहणाऱ्यास येथे एक जुने प्रकरण आठवल्यावाचून राहत नाही. झाशीचे राजे गंगाधरराव यांनी 20 नोव्हेंबर 1853 रोजी मृत्युशय्येवरून दत्तक घेतला, दुसऱ्या दिवशी ते निवर्तले, आणि तो वारस नामंजूर करून 1854 साली झाशी खालसा करण्यात आली. अखेरच्या मुदतीत स्वीकारलेला पुत्र धर्मशास्त्राच्या दृष्टीने पुत्रच होता. ज्यांना संस्थान हवे होते त्यांना तो मान्य करणे परवडणारे नव्हते. उत्तरवयात जडलेली अभिरुची मला त्या दत्तकासारखी वाटते. तिचा जन्म माझ्या यौवनात झाला नाही, पण विधिपूर्वक, पूर्ण शुद्धीत, मी तिला मांडीवर घेतले आहे.

येथवर माझे मन निःशंक आहे, पुढे नाही. ययातीची कथा मला सोडीत नाही. पुरू या आपल्या पुत्राचे तारुण्य मागून घेणारा तो राजा आणि मी यांत अंतर आहे, कारण मी देहाची उमेद परत मागितलेली नाही, असे मी स्वतःस पुष्कळ दिवस सांगत होतो. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत नातू आला आणि ओसरीवर ते ‘नेव्हरमाइंड’ माझ्या यंत्रातून वाजताना त्याने ऐकले. तो म्हणाला, “आजोबा, तुम्हीसुद्धा?” आणि हसला. त्यानंतर त्या सुटीत त्याने ते एकदाही लावले नाही. वडीलधाऱ्यांची पावले जेथे पोचत नाहीत, अशी एक लहानशी मिरास त्याने आपल्यापुरती राखली होती, आणि माझ्या कोणत्याही वाईट हेतूवाचून तिच्यावर माझी वहिवाट पडली होती. पुरूने निदान आपण होऊन दिले होते.

मला ऐकण्याचा अधिकार आहे, याविषयी शास्त्राकडून मी माझी खात्री करून घेतली. नातवाजवळून काय गेले, याचे उत्तर शास्त्रात मला अजून सापडलेले नाही. सुटी संपण्याच्या आदल्या रात्री त्याच्या खोलीचे दार लोटलेले होते, फटीतून उजेडाची एक रेघ ओसरीवर पडली होती, आणि आतून मी पूर्वी कधी न ऐकलेले काहीतरी, फार हळू, येत होते. मी क्षणभर थांबलो. त्याचे नाव विचारावे असे फार वाटले. मग चपला हातात घेऊन माझ्या खोलीकडे वळलो.