हात कधी काढायचा

आधी बसा. जमिनीवर बसता आलं तर उत्तम, नाहीतर खुर्चीत नीट मागे टेकून. हात मांडीवर सैल पडू द्या. श्वास आत घ्यायची घाई नको. आधी बाहेर सोडा, लांब, स्वतःला ऐकू येईल असा. निवांत झालेला घोडाही असाच नाकातून श्वास सोडतो, आणि ज्यांचा दिवस घोड्यांत जातो ती माणसं त्या आवाजाची वाट बघत असतात.

आता एक शिंगरू मनात आणा. भीमेच्या काठचं, भीमथडी घोडीचं. आज त्याचा सहावा दिवस. अकरा महिने पोटात वाढून आलेलं, म्हणून जन्मल्यावर तासाभरात चार पायांवर उभं राहिलेलं. पाय अंगाच्या मानाने फार लांब, आयाळ आखूड आणि उभी, शेपूट कुंच्याएवढी. घोडी दाव्याला आहे, समोर कडबा. शिंगरू तिच्या पलीकडच्या अंगाला उभं राहून तिच्या पोटाखालून तुमच्याकडे बघतंय.

तुम्ही काहीच करायचं नाही. पुन्हा एकदा श्वास सोडा.

त्याच्याकडे रोखून पाहू नका. त्याच्या बाजूला खांदा करा, नजर जमिनीवर ठेवा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना आहेत, त्यामुळे भोवतालचं जवळजवळ सगळं त्याला एकाच वेळी दिसतं. दिसत नाही ते थेट शेपटीमागचं, आणि कपाळाला अगदी लागून जे असेल ते. आपण माणसं लाडाने हात नेमका कपाळाकडेच नेतो. आपल्याला ती माया वाटते. त्याच्या दृष्टीने एक हात जवळ येत येत अचानक दिसेनासा झालेला असतो.

म्हणून थांबा. हात मांडीवरच असू द्या.

कितीही वेळ लागो, ते येतं. दोन पावलं पुढे, एक मागे, मग मान लांब करून. नाकाखाली काय आहे हे त्याला दिसत नाही, तिथे ओठांवरच्या राठ मिशा पाहण्याचं काम करतात. त्या तुमच्या बोटांना लागतील. कदाचित ते तोंडाची उघडझाप करेल, दात हलकेच एकमेकांवर आपटल्यासारखं. मोठ्या घोड्यांसमोर लहान शिंगरं असंच करतात. मी लहान आहे, मला मारू नका, असं मला ते ऐकू येतं.

आता हात उचला, पण डोक्याकडे नाही. आयाळ संपून पाठ सुरू होते तिथे न्या. घोडे एकमेकांना चावून खाजवतात ती हीच जागा. तिथे खाजवलं की त्यांच्या काळजाचे ठोके मंदावतात. बोटांची टोकं केसांत घाला, सावकाश. शिंगराचा वरचा ओठ लांब होईल, थरथरेल, मान एका बाजूला कलेल.

आणि आता, अगदी आत्ताच, हात काढून घ्या. ते कंटाळून निघून जायच्या आधी.

हे मला फार उशिरा कळलं. माझं पहिलं शिंगरू चार महिन्यांचं असताना मी त्याला म्होरकी घातली, दोर बांधला आणि ओढला. ते मागे रेललं. मी आणखी ओढलं. ते मागच्या पायांवर उभं राहिलं आणि पाठीवर पडलं. कोरड्या जमिनीवर पडलेल्या त्या अंगाचा आवाज मी अजून विसरलेलो नाही. हाड मोडलं नाही. पण त्यानंतर कितीतरी महिने माझ्या हातात दोर दिसला की ते मान वर करायचं. मी त्याला हट्टी म्हणत होतो, आणि हट्ट त्याचा नव्हताच. दाब आला की त्याच्या उलट रेटायचं, हे ते शरीरातच घेऊन आलेलं असतं.

तुमच्याही शरीरात ते आहे. उजव्या हाताने डावं मनगट धरा. हळूहळू आवळा. डावा हात कुठे ताठ होतो ते बघा, खांद्यापर्यंत. आता पकड एकदम सैल करा. त्या क्षणी आत काय झालं? तिथेच थोडं थांबा.

शिंगरू त्या क्षणी शिकतं. दोर ताणलेला असताना नाही, सैल होतो तेव्हा. त्याने अर्धं पाऊल पुढे टाकलं, नुसता भार पुढच्या पायावर घेतला, तरी दोर सैल झाला पाहिजे. झटापट करताना सैल झाला तर ते झटापट शिकेल. सगळं कसब त्या अर्ध्या पावलाकडे लक्ष असण्यात आहे, आणि हाताला घाई असली की ते पाऊल दिसत नाही. खूर उचलायलाही तसंच. तीन पायांवर उभं राहायचं म्हणजे पळून जाण्याची वाट सोडून द्यायची. एवढी मोठी गोष्ट ते तुमच्या हातात देतंय. एक श्वास धरा, पाय खाली ठेवा. उद्या दोन श्वास.

घोडा शिकवणाऱ्याला आपल्याकडे चाबुकस्वार म्हणतात. शब्द रुबाबदार आहे, पण चाबूक त्यात पहिला यावा हे मला खुपतं. झेनोफन या ग्रीक स्वाराने सुमारे २४०० वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय, की शिकवणाऱ्याकडे पाठवण्याआधी शिंगरू माणसाळलेलं हवं. भूक, तहान, माश्या हे त्याच्या वाट्याला एकटेपणी यावं, आणि चारा, पाणी, सुटका माणसाच्या हातून.

आणि धनगरांच्या वाटेवर बघा. दिवाळीनंतर वाडे कोकणाकडे उतरतात तेव्हा घोडीच्या पाठीवर अख्खा संसार असतो. भांडी, वाघर, कोंबड्या, कधी चालता न येणारं कोकरू. शिंगरू बाजूने मोकळं चालतं. कुत्री, ओढा, ट्रकचा भोंगा, सगळं ते आईच्या सावलीत पहिल्यांदा पाहतं. ती दचकली नाही की तेही पुढे चालतं.

पाठीवर ओझं चढायला अजून वर्षं आहेत. त्याच्या मणक्यांची हाडं पाच-सहा वर्षांपर्यंत भरत राहतात. बाहेरून घोडा दिसायला लागतो त्यानंतरही बराच काळ आत शिंगरूच असतं.

परत त्या सहाव्या दिवशी या. हात मांडीवर आला आहे. शिंगरू तुमच्यापासून वळून आईखाली शिरलंय, सडाला ढुश्या देतंय, कुंच्याएवढी शेपूट हलतेय. तुमच्या बोटांना त्याच्या केसांचा ऊबदार वास आहे. कडबा चावल्याचा आवाज येतोय. मग दूध पिणं थांबतं आणि एक कान तुमच्याकडे वळतो.

तुम्ही तसेच बसून राहा.