सामानापाशी राहिलेल्यांचा वाटा

(वाचन : १ शमुवेल ३०:९-२५)

देशावर संकट आले म्हणजे तरुणांना सैन्यात बोलावणे येते. जो जातो त्याच्यासाठी आपण मंडळीत प्रार्थना करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या जाण्याने कारखान्यातले जे यंत्र थांबते, दवाखान्यातली जी पाळी रिकामी राहते, तिचा भार कोणी वाहावा? हा प्रश्न नुसत्या हिशेबाचा नाही, न्यायाचा आहे, असे आम्हांस वाटते.

पवित्र शास्त्र याविषयी मुके नाही. लोकांनी राजा मागितला तेव्हा शमुवेलाने त्यांना बजावले की, राजा तुमचे पुत्र नेईल. कोणाला रथांपुढे धावायला, कोणाला नांगरायला, कोणाला शस्त्रे घडवायला लावील (१ शमुवेल ८:११-१३). सैन्य वाढते तेव्हा केवळ शिपाई जात नाहीत, कसबी हात जातात. उलट मोशेच्या नियमशास्त्रात नवे घर बांधलेल्यास, द्राक्षमळा लावून त्याचे फळ न चाखलेल्यास आणि मागणी झालेल्यास लढाईवरून घरी पाठवण्याची आज्ञा आहे (अनुवाद २०:५-७). घर, मळा आणि संसार यांचाही माणसावर हक्क आहे, हे देवाने युद्धाच्या तोंडावरही विसरू दिले नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हा धडा ठेच खाऊन घेतला. सप्टेंबर १९३९ मध्ये १८ ते ४१ वर्षांच्या पुरुषांसाठी सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा झाला. अत्यावश्यक कसबांच्या कामगारांना वगळण्याची यादी आधीच केलेली होती. तरीही हजारो खाणकामगार सैन्यात किंवा जास्त मजुरीच्या कारखान्यांत गेले आणि १९४३ मध्ये कोळशाची चणचण भासू लागली. कोळशावाचून ना पोलाद, ना आगगाडी. तेव्हाचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन हे तरुणपणी बाप्टिस्ट मंडळीत उपदेश करीत असत. त्यांनी डिसेंबर १९४३ मध्ये असे ठरवले की, भरतीच्या वयाच्या तरुणांतून चिठ्ठ्या टाकून दहांतील एकाला सैन्याऐवजी खाणीत पाठवावे. आपखुशीने खाण पत्करणारे धरून १९४८ पर्यंत असे सुमारे ४८,००० तरुण खाणीत उतरले. लोक त्यांना 'बेव्हिन बॉइज' म्हणत.

यातून दोन गोष्टी दिसल्या. पहिली ही की, चार आठवड्यांच्या शिक्षणाने कोळसा फोडणारा तयार होत नाही. बहुतेक तरुण कोळशाच्या डब्यांची ने-आण करण्यावरच राहिले. वर्षानुवर्षे मुरलेले कसब हुकमाने उभे करता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक दुःखाची. गणवेश नसल्यामुळे रस्त्यात पोलीस त्यांना अडवीत, शेजारी पळपुटे म्हणत. युद्ध संपल्यावर त्यांना पदक मिळाले नाही. सैनिकाला जुनी नोकरी परत मिळण्याचा हक्क होता, तोही त्यांना नव्हता. सरकारने सन्मानाचा बिल्ला दिला तो २००८ मध्ये, तेव्हा ते ऐंशीच्या घरात पोचले होते.

हा प्रश्न जुना झालेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्राएल देशाने सुमारे तीन लाख राखीव सैनिक बोलावले. त्यांत अभियंते होते, डॉक्टर होते, दुकानदार होते. अनेकांना पुन्हा पुन्हा जावे लागले. अशा सेवेच्या काळात नोकरीवरून काढण्यास तेथे कायद्याची मनाई आहे. पण कायदा रिकामी जागा भरून काढीत नाही, आणि लहान दुकानदाराचे तुटलेले गिऱ्हाईक परत आणीत नाही.

आपल्या देशात सक्तीची लष्करी सेवा नाही. तरी प्रादेशिक सेनेतल्या कामगाराला बोलावले गेले, तर परतल्यावर त्याला कामावर घेणे हे १९४८ च्या कायद्याने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. मग मालकाला मोह होतो : उद्या जाणारा माणूस आज घ्यावाच कशाला? हा मोह अन्यायाचा आहे. पण तीन कारागिरांच्या वर्कशॉपातून एक गेला, तर कामाचा तिसरा हिस्सा गेला. त्या मालकाला एकट्याने सोसायला सांगणे हाही न्याय नव्हे.

येथे दाविदाचा निर्णय आपणांस वाट दाखवतो. सहाशेंपैकी दोनशे माणसे थकून बसोर ओहोळापाशी सामानाजवळ राहिली होती. लढून आलेल्यांपैकी काही म्हणाले, ह्यांना लुटीतले काही देऊ नये. दाविदाने ते मानले नाही. जे मिळाले ते परमेश्वराने दिले आहे, म्हणून लढणारा आणि सामान राखणारा यांचा वाटा सारखाच, असा त्याने नियमच करून ठेवला. लढून आलेल्या चारशेंना हा नियम फुकट पडला नाही. त्यांच्या हातातले काही गेले. सारखा वाटा म्हटले की कोणाला तरी सोडावे लागतेच.

आणि लाभ सारखा, तर भारही सारखा. जो गेला त्याची जागा मालकाने राखावी. त्याचे काम सोबत्यांनी वाटून घ्यावे. मालकाच्या तोट्यातला वाटा सरकारने म्हणजे आपण सर्वांनी उचलावा. आणि जो मागे राहून राबतो त्याला कोणी हिणवू नये. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा पाठ घेताना काही मुलांना चारशेंच्या बाजूने आणि काहींना दोनशेंच्या बाजूने बोलू द्यावे. मग दाविदाचा नियम किती कठीण आणि किती न्यायाचा होता, हे त्यांना आपोआप कळेल.

एकमेकांची ओझी वाहण्याची आज्ञा (गलती ६:२) पाळण्यास प्रभू आपणां सर्वांस सामर्थ्य देवो.