फ्रीडम की लिबर्टी?

चि. बेबीस,


निबंध मिळाला. मांडणी चांगली आहे. पण एका परिच्छेदात ‘फ्रीडम’, पुढच्यात ‘लिबर्टी’, मग पुन्हा ‘फ्रीडम’ असं का? तर म्हणे, तोच तो शब्द नको म्हणून. ही शाळेतल्या निबंधाची सवय. कायद्यात शब्द बदलला की समोरचा अर्थही बदलला असं धरून चालतो.

फ्रीडम हा जुन्या इंग्रजीतला, लिबर्टी लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच शिरली आणि अशा जोड्या इंग्रजीत मुक्कामालाच राहिल्या. (आम्ही वकील अजून ‘विल अँड टेस्टामेंट’ लिहितो. एका शब्दात भागतं, पण अशिलाला भारदस्त वाटतं.) नुसत्या अर्थाने त्यांच्यात फरक शोधायला गेलीस तर हाती फार लागणार नाही. शेजारी कोण बसतं ते बघ. फायटर फ्रीडमचा, न्यूयॉर्कच्या बंदरातला पुतळा लिबर्टीचा. आणि कुणी ‘लिबर्टीज’ घेतो म्हणजे नको तितकी सलगी करतो. तिथे फ्रीडम बसवून बघ, वाक्यच कोसळतं.

थिसॉरस मात्र मिटून ठेव. तो १८५२ साली काढणाऱ्या डॉक्टर रॉजेंनीच प्रस्तावनेत सांगून टाकलंय की समानार्थी शब्दांतला फरक उलगडणं हा वेगळा विषय आहे, त्यात मी पडलेलो नाही.

आता आपली राज्यघटना काढ. उद्देशिकेत अभिव्यक्तीची ‘लिबर्टी’ आहे, कलम १९ मध्ये त्याच अभिव्यक्तीचं ‘फ्रीडम’. मराठीत दोन्हीकडे स्वातंत्र्यच, त्यामुळे आपल्याला ठेच लागत नाही. कलम २१ मध्ये मात्र ‘पर्सनल लिबर्टी’ आहे, आणि त्या ‘पर्सनल’ची हकिगत तुझ्या निबंधात यायलाच हवी होती. आधीच्या मजकुरात नुसती ‘लिबर्टी’ होती. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात तिच्याआधी ‘पर्सनल’ घातला आणि कारण तळटीपेत दिलं: मोकळा सोडला तर शब्द इतका फैलावेल की कलम १३ मध्ये वेगळी मांडलेली स्वातंत्र्यंही त्याच्या पोटात जातील. ते १३ म्हणजे आजचं १९. एका विशेषणाने दोन कलमांमध्ये बांध घातला.

बांध किती पक्का, यावरच पुढे वाद पेटला. १९५० च्या गोपालन खटल्यात बहुमताने दोन्ही कलमं अलग ठेवली: स्थानबद्धतेचा कायदा २१ च्या कसोटीला उतरला की पुरे, १९ तिथे लागत नाही. १९७८ मध्ये मनेका गांधींच्या पासपोर्टच्या खटल्यात न्यायालयाने तो बांध फोडला. ‘पर्सनल लिबर्टी’चा अर्थ व्यापक घ्यायचा, आणि तिच्यातलेच काही हक्क १९ मध्ये उचलून वेगळे ठेवले आहेत, असं ठरलं. म्हणजे समितीला जी धास्ती होती, बरंचसं तेच झालं. माझ्या मते झालं ते बरंच झालं. पण परीक्षकाला माझं मत नको असेल, तुझं लिही.

दुरुस्त्या अशा कर. ‘लिबर्टी ऑफ मूव्हमेंट’ काढ; देशात कुठेही फिरण्याचा हक्क १९ मधला, तिथे ‘फ्रीडम’. स्थानबद्धांचा परिच्छेद मात्र ‘पर्सनल लिबर्टी’नेच सुरू कर आणि शेवटपर्यंत तोच शब्द ठेव, दहा वेळा आला तरी चालेल. मनेका खटल्याचं निकालपत्र लांबलचक आहे, न्या. भगवतींचा भाग आधी वाच, गाइडमधल्या सारांशावर विसंबू नकोस.

सुधारलेला मसुदा रविवारच्या आत पाठव, म्हणजे बघून ठेवीन. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा