नदीचा वाटा

फेब्रुवारी २०१३ मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद पडलं. १,१३० मेगावॅटचे संच थांबले, देशभर बातमी झाली. केंद्राला पाणी येतं ते सोनपेठजवळच्या खडका बंधाऱ्यातून, म्हणजे गोदावरीतून. त्या पात्रातल्या माशांचं, शिंपल्यांचं, कासवांचं तेव्हा काय झालं, याची बातमी वाचल्याचं मला आठवत नाही.

वाफ थंड करताना कूलिंग टॉवरमधून पाणी हवेत जातं, ते नदीला परत मिळत नाही. जुन्या केंद्रांना २०१५ मध्ये घातलेली मर्यादा आहे विजेच्या एका युनिटमागे साडेतीन लिटर पाणी. त्या हिशेबाने परळीचे तेव्हाचे संच पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला साडेनऊ कोटी लिटर लागतील. अर्थात, एकट्या वीज केंद्राला दोष देणं अन्यायाचं. मराठवाड्यातला ऊस कितीतरी जास्त पितो.

नदीतल्या जिवांना नुसतं पाणी पुरत नाही, ते वेळेवर आणि वाहतं लागतं. पहिल्या पुराबरोबर अंडी घालायला वर चढणारा मासा बंधाऱ्याच्या भिंतीशी अडतो. उन्हाळ्यात डोह टिकले तर पुढच्या पावसाळ्याला बीज उरतं. मरळ हवेतून श्वास घेते, म्हणून चिखलातही काही काळ तग धरते. बाकीच्या बहुतेकांना ती सोय नाही. आणि टंचाईत आपण धरणाच्या तळाचा मृतसाठाही उपसतो, जिथे उरलेसुरले मासे गोळा झालेले असतात. पावसाने धरण भरतं, टक्केवारी पूर्ववत होते. मासे तसे परतत नाहीत. मत्स्यबीज सोडून कटला-रोहू वाढवता येतात, गोदावरीच्या लहानसहान जाती त्याने भरून निघत नाहीत. जागतिक वन्यजीव निधीचा २०२४ चा अहवाल सांगतो की गोड्या पाण्यातल्या, नोंद असलेल्या प्राणीसमूहांत १९७० पासूनच्या पन्नास वर्षांत सरासरी ८५ टक्के घट झाली.

टँकरची वाट पाहणाऱ्या बीडमध्ये माशांसाठी पाणी मागणं कुणाला क्रूर वाटेल. पण पिण्याच्या पाण्याला हात लावा, असं मी म्हणत नाही. २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीनेच प्रवाहाचा काही भाग नदीच्या परिसंस्थेसाठी राखायला सांगितलं आहे. तो पिण्याच्या पाण्याबरोबरच आधी बाजूला काढावा, मग ऊस आणि उद्योगाचं वाटप बघावं. वीज केंद्राला नदीखेरीज पर्यायही आहे: नागपूरचं सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जातं. परळी लहान, इथल्या सांडपाण्यातून साडेनऊ कोटी लिटर निघणार नाहीत. पण निघेल तेवढं पाणी खडक्यातून कमी उचलावं लागेल, आणि मार्च ते जून या काळात कमी उचललं तर काही डोह टिकू शकतील.